ऐकून घेण्याचे शास्त्र



पोट दुखू लागले की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर जीभ पाहतात, पोट दाबून पाहतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि औषध लिहून देतात. रोग कोणता हे ठरवायचे डॉक्टरांनी आणि गोळ्या घ्यायच्या आपण, अशी ही सरळ विभागणी असते.

पण मनात काही सलत असेल तर? जीभ पाहून ते कळत नाही. जे सलते ते ज्याच्या मनात आहे त्यालाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्यालाही ते नीटसे सांगता येत नाही. अशा वेळी मदत करणाऱ्याने काय करावे? उपदेश करावा, धीर द्यावा की रागवावे? डॉ. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे अगदी साधे उत्तर दिले: आधी ऐकून घ्यावे. हे तर आपली आजीही सांगते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. परंतु ऐकून घेतल्याने नेमके काय होते, ते कसे ऐकावे आणि त्याचा परिणाम मोजता येतो का, हे रॉजर्स यांनी शास्त्राच्या रीतीने तपासले. त्यांच्या पद्धतीला 'व्यक्तिकेंद्रित समुपदेशन' म्हणतात. तिची ओळख आज करून घेऊ.

एक मुलगी आणि दोन संभाषणे

समजा, शिरूर तालुक्यातील एका गावात नववीत शिकणारी एक मुलगी आहे. अभ्यासात चांगली आहे. ती एक दिवस वर्गशिक्षिकेला म्हणते, "बाई, पुढच्या वर्षी मला शाळेत नाही यायचं."

बाई म्हणतात, "अगं, वेडी की काय तू! इतकी हुशार मुलगी आणि शाळा सोडणार? सावित्रीबाईंनी एवढं सोसलं ते कशासाठी? दहावी झालीस की पुढचं सगळं सोपं होईल. जा, अभ्यासाला लाग."

मुलगी "हो बाई" म्हणते आणि निघून जाते. जूनमध्ये ती शाळेत दिसत नाही.

बाईंचे काय चुकले? त्यांनी सांगितले त्यात खोटे काही नव्हते आणि त्यांचा हेतूही चांगलाच होता. पण त्यांचे एकही वाक्य त्या मुलीविषयी नव्हते. आता तेच संभाषण दुसऱ्या रीतीने झाले असते तर काय घडले असते ते पाहा.

"दहावीला शाळेत यायचंच नाही, असं वाटतंय तुला."

"यायचं नाही असं नाही, बाई. पण दहावीला जादा तास असतात ना."

"जादा तासांचं काहीतरी मनात आहे."

"सुटायला सहा वाजतात. मग एसटी. थंडीत फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो."

"अंधारात एकटीनं घरी जायची भीती वाटते."

"वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आहे, बाई. मागच्या महिन्यात शेजारच्यांची शेळी बिबट्यानं नेली. घरी सांगितलं तर म्हणतील, आजपासूनच राहू दे तुझी शाळा. म्हणून मी कुणाला बोलले नाही."

"म्हणजे भीती सांगितली तर शाळा जाते, आणि नाही सांगितली तर भीती तशीच राहते."

मुलगी थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, "बाई, जादा तास सकाळी घेतले तर? त्याच फाट्यावर उतरणाऱ्या आम्ही चौघी आहोत. सकाळची गाडी सगळ्यांनाच मिळते."

बाईंची वाक्ये पुन्हा एकदा वाचा. त्यांत उपदेश नाही. उलटतपासणीही नाही. मुलीने जे सांगितले त्याचा अर्थ त्या आपल्या शब्दांत तिलाच परत सांगत आहेत, आणि प्रत्येक वेळी मुलगी एक पायरी खाली उतरून अधिक खरे बोलत आहे. शेवटी उपाय सुचला तोही तिलाच. ते स्वाभाविकच आहे. कारण फाटा, एसटीची वेळ, वस्तीचा रस्ता आणि घरच्यांचा स्वभाव हे सारे तिला ठाऊक होते, बाईंना नव्हते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बिबट्या काही मुलीच्या मनात नव्हता. शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर खरोखरीच आहे. तेव्हा बाईंचे काम ऐकण्याने संपत नाही. मुलीला विश्वासात घेऊन मुख्याध्यापकांशी आणि पालकांशी बोलणे आणि गरज पडल्यास वन खात्याला कळवणे, हे मोठ्यांनीच करावयाचे आहे. पण काय करायचे हे त्यांना कळले ते ऐकल्यामुळे.

शेतावर वाढलेला शास्त्रज्ञ

कार्ल रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागो शहराजवळील ओक पार्क येथे झाला. ते बारा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब शेतावर राहायला गेले. तेथे त्यांनी कोंबड्या, कोकरे आणि वासरे पाळली. चौदाव्या वर्षी त्यांच्या हाती जनावरांच्या खाद्यावरील एक जाडजूड ग्रंथ पडला. दुधावर किंवा मांसावर खाद्याचा परिणाम पाहायचा तर जनावरांचे सारखे दोन गट करायचे, एकाला नवे खाद्य द्यायचे, दुसऱ्याला नेहमीचेच द्यायचे आणि मग दोन्हींची तुलना करायची, ही प्रयोगाची रीत त्यांनी त्या ग्रंथातून शिकून घेतली. पुढे ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीच्याच शिक्षणासाठी दाखल झाले. तेथून धर्मशिक्षण आणि नंतर मानसशास्त्र अशा वाटेने गेले आणि १९३१ साली कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण शेतावर शिकलेली तुलनेची रीत त्यांनी सोडली नाही. तिचा उपयोग कसा झाला ते पुढे येईलच.

१९२८ ते १९४० अशी बारा वर्षे त्यांनी रोचेस्टर गावी अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम केले. तेथील एक अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एक आई आपल्या व्रात्य मुलाची तक्रार घेऊन येत असे. आईने मुलाला लहानपणी झिडकारले हेच मूळ कारण, असे रॉजर्स यांचे निदान होते. ते त्यांनी आईला परोपरीने समजावून पाहिले, पण काही उपयोग होईना. अखेर दोघांनीही प्रयत्न सोडून द्यायचे ठरवले. आई उठली, दारापर्यंत गेली, आणि मागे वळून तिने विचारले की येथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का? मग परत येऊन ती आपल्या संसारातील दुःख सांगू लागली. पूर्वी कागदावर टिपलेल्या माहितीपेक्षा ते फार निराळे होते. या वेळी रॉजर्स फक्त ऐकत राहिले. पुढे आईची परिस्थिती सुधारली आणि मुलाचे वागणेही सुधारले.

कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जायचे, हे त्या माणसालाच सर्वांत चांगले ठाऊक असते, असा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला. १९४२ साली समुपदेशनावरील त्यांचा ग्रंथ निघाला. मदतीसाठी येणाऱ्याला त्यांनी 'रुग्ण' म्हटले नाही. वकिलाच्या अशिलासाठी वापरतात तो 'क्लायंट' हा शब्द वापरला. अशील सल्ला घेतो, पण खटला त्याचाच असतो, तसेच हे. पुढे शाळा, कुटुंब, कामाची जागा अशा सर्व ठिकाणी ही पद्धत लागू पडते असे दिसल्यावर तिला 'व्यक्तिकेंद्रित' हे नाव मिळाले.

तीन अटी

नुसते गप्प बसणे म्हणजे ऐकणे नव्हे. भिंतही गप्पच असते! १९५७ साली लिहिलेल्या एका निबंधात रॉजर्स यांनी ऐकणाऱ्याच्या ठायी काय असावे ते सांगितले. त्यातील तीन गोष्टी मुख्य आहेत.

पहिली गोष्ट सच्चेपणाची. आत कंटाळा आणि वर हसू, असे चालत नाही. समोरच्याला ते कळतेच.

दुसरी गोष्ट विनाअट स्वीकाराची. 'नव्वद टक्के मिळवलेस तर तू चांगला' ही अट झाली. 'तुला किती मिळाले ते पाहू, पण तुझी किंमत गुणांवर ठरत नाही' हा स्वीकार झाला. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्वीकार माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक कृत्याचा नव्हे. मारामारी करणाऱ्या मुलाची मारामारी चुकीचीच असते. पण त्या मुलाशी बोलता येते.

तिसरी गोष्ट समानुभूती. सहानुभूती आणि समानुभूती यांत फरक आहे. विहिरीत पडलेल्याकडे काठावरून पाहून 'अरेरे, बिचारा!' म्हणणे ही सहानुभूती. त्याला आतून विहीर कशी दिसत असेल हे समजून घेणे, आणि तरीही आपला पाय काठावर घट्ट ठेवणे, ही समानुभूती. दोघेही विहिरीत पडले तर वर कोण काढणार?

बटाट्याचा कोंब

रॉजर्स यांच्या विचाराच्या मुळाशी एक श्रद्धा होती. प्रत्येक सजीवात वाढण्याची, स्वतःला पूर्णत्वाकडे नेण्याची ओढ असते, असे ते मानत. याचे उदाहरण त्यांना लहानपणीच मिळाले होते. हिवाळ्यासाठी बटाटे घराच्या तळघरात साठवलेले असत. तेथे माती नाही, पाणी नाही. उंचावर एक लहानशी खिडकी तेवढी होती. तरीही बटाट्यांना फिकट, लांबलचक कोंब फुटत आणि ते खिडकीच्या दिशेने वाढत जात.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. कोंब फुटू लागलेला एक बटाटा कुंडीतील ओलसर मातीत ठेवा. त्यावर बुटांचे खोके उभे झाका आणि खोक्याच्या एका बाजूला रुपयाएवढे भोक पाडा. दोन-तीन आठवड्यांनी पाहा. कोंब भोकाकडे वळलेला दिसेल. असे का होते? कोंबाच्या ज्या बाजूला अंधार असतो तिकडे ऑक्झिन हे वाढीचे द्रव्य अधिक जमते, त्यामुळे ती बाजू जास्त लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. कोंब फिकट असतो, कारण उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. वाढीची शक्ती बटाट्यात साठवलेल्या पिठूळ पदार्थातून येते.

रॉजर्स म्हणत की वाकडा कोंब हा बटाट्याचा दोष नव्हे. मिळेल त्या परिस्थितीत जगण्याची ती धडपड आहे. माणसाच्या विचित्र वागण्यामागेही पुष्कळदा अशीच धडपड असते. शेतकरी कोंब ओढून वाढवत नाही, तो माती आणि पाणी नीट ठेवतो. अर्थात उपमा म्हणजे पुरावा नव्हे. माणूस बटाटा नाही. म्हणून पुराव्याकडे वळू.

मन कसे मोजायचे?

पूर्वी मानसोपचाराच्या खोलीत काय घडते हे बाहेर कोणालाच ठाऊक नसे. रॉजर्स आणि त्यांचे सहकारी यांनी संपूर्ण संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ च्या ग्रंथात एका व्यक्तीची सर्व संभाषणे शब्दशः छापली. आता समुपदेशक किती बोलला, किती ऐकले, कोठे चुकला, हे कोणालाही तपासता येऊ लागले.

पुढची पायरी मोजमापाची. शिकागो विद्यापीठात बटलर आणि हेग या संशोधकांनी १०० कार्डे घेतली. प्रत्येकावर 'मी कष्टाळू आहे', 'मला लोकांची भीती वाटते' यांसारखे एकेक वाक्य होते. 'मी जसा आहे' त्याप्रमाणे माणसाने कार्डांच्या क्रमवार ढिगाऱ्या लावायच्या. मग तीच कार्डे 'मला जसे व्हायचे आहे' त्याप्रमाणे पुन्हा लावायची. दोन्ही मांडण्या किती जुळतात ते गणिताने काढायचे. पूर्ण जुळल्या तर उत्तर १ येते, काहीच संबंध नसेल तर ०, आणि अगदी उलट असतील तर उणे १.

मदतीसाठी आलेल्या २५ जणांचे सरासरी उत्तर सुरुवातीला उणे ०.०१ आले. म्हणजे 'मी आहे तो' आणि 'मला व्हायचे तो' यांचा काही मेळच नव्हता. समुपदेशनानंतर ते ०.३४ झाले, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ०.३१ होते. मदतीसाठी न आलेल्या लोकांचा गट तुलनेला घेतला होता. त्याचे उत्तर आधी ०.५८ आणि नंतर ०.५९, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. जनावरांच्या खाद्याच्या ग्रंथातील दोन गट तुम्हांला आठवले असतीलच! हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. १९५६ साली अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने रॉजर्स यांना शास्त्रीय कार्याचा पुरस्कार दिला.

मर्यादाही पाहू

शास्त्र म्हटले की मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. रॉजर्स यांनी पुढे विस्कॉन्सिन येथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर ही पद्धत वापरून पाहिली. तेथे अपेक्षेएवढे यश आले नाही. अशा आजारांत मनोविकारतज्ज्ञांचे औषध लागते, आणि ते घेण्यात काहीही कमीपणा नाही.

डॉ. अल्बर्ट एलिस यांचा आक्षेप वेगळा होता. ऐकणे चांगले, पण माणसाच्या डोक्यातील चुकीचे विचार तर्काने खोडून काढल्याशिवाय भागत नाही, असे ते म्हणत. महाराष्ट्रात हा विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांनी रुजवला, आणि १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही त्याचा मोठा प्रसार केला.

मग बरोबर कोण? २०२१ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेल्या तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित पद्धत विचार बदलण्याच्या पद्धतीच्या बरोबरीची ठरली. बारा महिन्यांनी मात्र दुसरी पुढे होती. त्याच वर्षी लंडनच्या १८ शाळांतील १३ ते १६ वर्षांच्या ३२९ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेतच ऐकून घेणारा समुपदेशक मिळाला तर मुलांचा मानसिक त्रास कमी होतो, पण फरक मोठा नसतो आणि खर्च बराच येतो, असे त्यात दिसले. तेव्हा ऐकणे ही जादू नाही. ती एक उपयोगी, तपासलेली पद्धत आहे.

गावात हे कोण करणार?

मनोविकारतज्ज्ञ शहरात आणि माणसे वाडीवस्तीवर, ही आपली खरी अडचण. शरीराच्या आरोग्याबाबत तिच्यावर एक मार्ग तुमच्याच परिसरात निघाला होता. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांनी आरोग्यसेविका बनवले. या कामासाठी १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मनाच्या आरोग्यासाठीही हाच मार्ग पुढे वापरला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. त्यात गावातल्याच माणसांना दुःखी, खचलेल्या व्यक्तीला ओळखण्याचे, तिचे ऐकून घेण्याचे आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत पोचवण्याचे शिक्षण दिले. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक केले. तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांबरोबर अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ सालचे आहेत. या दोन्ही ठिकाणी ऐकण्याबरोबर रोजची कामे पुन्हा सुरू करणे, अडचणी सोडवणे अशा इतर गोष्टीही शिकवल्या जातात. पण पहिली पायरी ऐकण्याचीच असते.

कोचिंग म्हणजे काय?

शिरूर असो की दौंड, 'कोचिंग' म्हटले की आपल्याला शिकवणीचा वर्ग आठवतो. 'कोच' या शब्दाचा जुना अर्थ मात्र घोडागाडी. हंगेरीतील कोच नावाच्या गावी चांगल्या गाड्या बनत, त्यावरून तो शब्द आला. गाडी प्रवाशाला त्याच्या मुक्कामी पोचवते. मुक्काम प्रवासी ठरवतो. व्यक्तिकेंद्रित मार्गदर्शक असाच असतो. समजा, दौंडच्या एका मुलाला आय. टी. आय.ला जायचे आहे आणि वडिलांच्या मनात विज्ञान शाखा आहे. शिक्षकांनी कोणाची बाजू न घेता मुलाला विचारावे, "तुला यात काय आवडतं? अडचण कुठली दिसते? माहिती कोठून मिळवशील? बाबांना कसं सांगशील?" दौंड स्थानकावरून मनमाडकडे, सोलापूरकडे, बारामतीकडे गाड्या जातात. वेळापत्रक सांगणे चौकशी खिडकीचे काम; कोणत्या गाडीत बसायचे हे तिने ठरवायचे नसते.

करून पाहा

वर्गात दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने तीन मिनिटे एखाद्या लहानशा अडचणीविषयी बोलावे. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, 'माझंही असंच झालं होतं' असे म्हणायचे नाही. त्याने फक्त ऐकलेल्याचा अर्थ आपल्या शब्दांत परत सांगायचा. बोलणाऱ्याने 'बरोबर' किंवा 'तसं नाही' म्हणायचे. मग अदलाबदल करा. सल्ला किती वेळा ओठांवर आला ते मोजा. भांडणातही हा नियम लावून पाहा: समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडल्याशिवाय आपले म्हणणे मांडायचे नाही. रॉजर्स यांनीच हा नियम सुचवला होता.

मित्राने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत सांगू नये. पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. मित्र जीव देण्याविषयी बोलत असेल, किंवा कोणी त्याला इजा करत असेल, तर ते गुपित ठेवायचे नाही. विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचे. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तेथे मराठीतून विनामूल्य बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि शिक्षकहो, यंदा एखादे मूल 'मला शाळा सोडायची आहे' असे म्हणाले, तर उत्तर देण्याआधी पाच मिनिटे त्याचे ऐका. अडचण काय आहे ते बहुधा त्या पाच मिनिटांतच कळू लागेल.